पर्यावरणपूरक खिडकी आच्छादने

पर्यावरणपूरक खिडकी आच्छादने म्हणजे खिडकीतून होणारी उष्णतेची व प्रकाशाची ये-जा नियंत्रित करून विजेची बचत करणारी आणि ज्यांच्या निर्मितीत, वापरात व विल्हेवाटीत निसर्गाची व आरोग्याची हानी कमीत कमी होते अशी आच्छादने होत. कापडी पडदे, बांबूच्या काड्यांचे चिक, वाळ्याच्या ताट्या, लाकडी झडपा, गुंडाळता येणारे रोलर ब्लाइंड, आडव्या पट्ट्यांचे व्हेनेशियन ब्लाइंड, काचेवरील सौररोधी पापुद्रे, खिडकीबाहेरील छज्जे आणि वेलींचे पडदे यांचा त्यांत समावेश होतो.

एखादे आच्छादन पर्यावरणपूरक आहे की नाही हे केवळ ते कशाचे बनले आहे यावरून ठरत नाही. खिडकीची दिशा, गावाचे हवामान, आच्छादन काचेच्या आत आहे की बाहेर, त्याचा रंग, त्याचे आयुष्य आणि घरातील माणसे ते प्रत्यक्षात कसे वापरतात, या सर्वांचा परिणाम त्यावर होतो. चुकीच्या बाजूला लावलेला महागडा पडदा योग्य ठिकाणी बांधलेल्या साध्या चिकापेक्षा कमी उपयोगी ठरू शकतो.

इतिहास

उष्ण प्रदेशांतील पारंपरिक घरबांधणीत खिडकीवर थेट ऊन पडू न देणे हे तत्त्व सर्वत्र आढळते. राजस्थानातील दगडी जाळ्या, अरब देशांतील लाकडी जाळीदार गवाक्षे, जपानमधील बांबूचे पडदे ही त्याची उदाहरणे आहेत. जयपूर येथे १७९९ मध्ये बांधलेल्या हवामहालातील झरोक्यांतून वारा खेळतो, पण ऊन मोठ्या प्रमाणात अडवले जाते.

उत्तर व मध्य भारतात वाळ्याच्या मुळांपासून विणलेल्या ताट्या दारे-खिडक्यांवर टांगून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत मोगल काळापासून ज्ञात आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात वाळ्याच्या अशा वापराचा उल्लेख आहे. विदर्भात ही पद्धत आजही परिचित असून, हवा थंड करणाऱ्या कूलरमध्येही वाळ्याच्या ताट्या वापरल्या जातात. ज्यांना वाळा परवडत नसे अशा घरांत ओले गोणपाट खिडकीला टांगले जाई.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत जाड भिंती, लहान खिडक्या आणि लाकडी झडपा अशी रचना असे. दुपारी झडपा लावून घेणे व सायंकाळी उघडणे हा दिनक्रमाचा भाग होता. कोकणात उतरत्या छपराच्या लांब पागोळ्या भिंतीला व खिडकीला ऊन आणि पाऊस या दोहोंपासून वाचवीत. गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांत खिडकीच्या लाकडी चौकटीत काचेऐवजी कालवाचे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवले जात. त्यांतून मंद प्रकाश आत येई, मात्र डोळे दिपवणारे ऊन येत नसे.

युरोपात आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडचे पेटंट लंडनमध्ये एडवर्ड बेरन याने १७६९ मध्ये घेतले. विसाव्या शतकात काच स्वस्त झाली, इमारतींच्या खिडक्या मोठ्या झाल्या आणि वातानुकूलन यंत्रांमुळे छज्जे व झडपा अनावश्यक वाटू लागल्या. शहरांतील अनेक नव्या इमारतींत सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या आल्या, पण त्यांच्यावरील छज्जे अरुंद झाले किंवा नाहीसे झाले. त्यामुळे पूर्वी इमारतीची रचनाच जे काम करीत असे, ते पुढे पडद्यांवर आणि विजेवर येऊन पडले.

खिडकीतून होणारे उष्णतेचे वहन

खिडकीतून उष्णता मुख्यतः तीन मार्गांनी आत येते.

प्रारण: सूर्यप्रकाश काचेतून थेट आत येतो व जमीन, भिंती आणि सामान तापवतो. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या १ चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॉट इतकी सौरऊर्जा पडते. साध्या एकेरी पारदर्शक काचेतून तिच्यावर पडलेल्या सौरऊर्जेपैकी सुमारे ८५ टक्के आत पोहोचते. या प्रमाणाला सौर उष्णता लाभ गुणांक म्हणतात. हा गुणांक ० ते १ या दरम्यान असतो आणि उष्ण हवामानात तो जितका कमी तितका चांगला.

वहन: बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा गरम असल्यास काचेतून व चौकटीतून उष्णता आत झिरपते. तिचे मोजमाप यू-मूल्याने होते. एकेरी काचेचे यू-मूल्य सुमारे ५.७ आणि मध्ये हवेची पोकळी असलेल्या दुहेरी काचेचे सुमारे २.८ वॉट प्रति चौ.मी. प्रति अंश असते.

अभिसरण व गळती: फटींतून गरम हवा आत येते आणि तापलेल्या काचेलगतची हवा खोलीभर फिरते.

या मार्गांचे तुलनात्मक महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १.५ मीटर रुंद व १.२ मीटर उंच, म्हणजे १.८ चौ.मी. क्षेत्रफळाच्या पश्चिमेकडील खिडकीवर मे महिन्यातील दुपारी प्रति चौ.मी. ६०० वॉट ऊन पडते असे धरल्यास, एकेरी काचेतून सुमारे ९०० वॉट उष्णता आत येते. हे प्रमाण जवळजवळ एका लहान विजेच्या शेगडीइतके आहे. त्याच वेळी बाहेर ४३ अंश व आत २८ अंश सेल्सियस तापमान असल्यास वहनाने आत येणारी उष्णता केवळ १५४ वॉटच्या आसपास असते. म्हणून उष्ण प्रदेशात आच्छादनाचे पहिले काम ऊन अडवणे हे असते, उष्णतारोधन त्यानंतर येते. थंड प्रदेशात हा क्रम उलटतो.

आतील व बाहेरील आच्छादनांतील फरक

आच्छादन काचेच्या कोणत्या बाजूला आहे, हा त्याच्या उपयुक्ततेवर सर्वाधिक परिणाम करणारा घटक आहे. काच सूर्याच्या कमी तरंगलांबीच्या प्रारणांना आत येऊ देते. परंतु तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणांना ती आरपार जाऊ देत नाही. काचेच्या आत असलेल्या पडद्यावर ऊन पडले की पडदा तापतो, आणि ती उष्णता खोलीतच अडकते. तेच ऊन काचेबाहेर अडवले, तर तापलेल्या आच्छादनाची उष्णता बाहेरच्या वाऱ्याबरोबर निघून जाते.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत हा फरक दिसतो. खिडकीबाहेरील कापडी छत्रीमुळे दक्षिणेकडील खिडकीतून येणारी सौर उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेकडील खिडकीतून येणारी ७७ टक्क्यांपर्यंत कमी होते. आतील बाजूस लावलेले, प्रकाश परावर्तित करणारे ब्लाइंड पूर्ण बंद केल्यास ती सुमारे ४५ टक्क्यांनी घटते. मध्यम रंगाच्या व मागे पांढरे अस्तर असलेल्या पडद्यांमुळे ही घट ३३ टक्के असते.

आतील पडदाच वापरायचा असल्यास त्याची काचेकडील बाजू पांढरी किंवा फिकट असणे आवश्यक ठरते. फिकट पृष्ठभाग ऊन शोषून घेण्यापूर्वीच परावर्तित करतो आणि परावर्तित प्रकाश काचेतून पुन्हा बाहेर जाऊ शकतो. गडद रंगाचा जाड पडदा खोलीत अंधार करतो, त्यामुळे खोली थंड झाल्याचा भास होतो. पण पडदा स्वतः तापून खोलीत उष्णता सोडत राहतो.

खिडकीची दिशा

महाराष्ट्र व गोवा साधारणपणे १५ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात. या अक्षांशांवर सूर्य वर्षातून दोनदा माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. मुंबईत हा 'शून्य सावली दिवस' १५ मेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. याचे खिडक्यांवरील परिणाम पुढीलप्रमाणे आहेत.

दक्षिण: ऐन उन्हाळ्यात दक्षिणेकडील खिडकीवर दुपारी थेट ऊन जवळजवळ पडत नाही. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेला कलतो. मुंबईत २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो आणि त्याचे ऊन खोलीत शिरते. मार्चच्या विषुवदिनी सूर्याची उंची सुमारे ७१ अंश असल्याने ६० सें.मी. रुंदीचा छज्जा १.२ मीटर उंचीची संपूर्ण खिडकी माध्यान्ही सावलीत ठेवतो. त्यामुळे दक्षिणेकडील खिडकीला साधा छज्जा आणि हलका पडदा सहसा पुरेसा होतो.

पश्चिम: पश्चिमेकडील खिडकी सर्वांत त्रासदायक असते. मे महिन्यात सायंकाळी ५ वाजता मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. अशा तिरप्या उन्हात तोच ६० सें.मी.चा छज्जा खिडकीचा केवळ वरचा ३० ते ३५ सें.मी. भाग झाकतो. भिंती व हवा आधीच तापलेल्या असताना हे ऊन आत येते आणि खोली रात्री उशिरापर्यंत गरम राहते. म्हणून या बाजूला खालपर्यंत सोडता येणारे बाहेरील आच्छादन, म्हणजे चिक, उभ्या पट्ट्या, झडपा किंवा वेल यांपैकी काहीतरी आवश्यक असते.

पूर्व: सकाळचे ऊनही तितकेच तिरपे असते, परंतु त्या वेळी घर व हवा थंड असल्याने त्याचा त्रास कमी होतो. सकाळी १० वाजेपर्यंत पडदा लावून ठेवणे बहुधा पुरते.

उत्तर: उन्हाळ्यातील पहाट व संध्याकाळ वगळता या बाजूला थेट ऊन येत नाही. वर्षभर मऊ, पसरलेला प्रकाश मिळत असल्याने येथे जाड पडदा लावून दिवसा दिवे लावणे म्हणजे विजेचा अपव्यय होय.

प्रमुख प्रकार

बांबूचे चिक: बांबूच्या बारीक काड्या सुताने विणून चिक तयार करतात. गॅलरीत किंवा खिडकीबाहेर टांगल्यास ते ऊन अडवतात आणि काड्यांमधील फटींतून वारा आत येऊ देतात. दोरीने गुंडाळून वर बांधता येत असल्याने हिवाळ्यात व पावसाळ्यात ते बाजूला ठेवता येतात. सतत पाऊस लागल्यास बांबूला बुरशी व कीड लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी चिक उतरवून कोरड्या जागी ठेवण्याची पद्धत आहे.

वाळ्याच्या ताट्या: वाळा हे नदीकाठी वाढणारे सुगंधी मुळांचे गवत आहे. ओल्या ताटीतून कोरडी गरम हवा आत येताना पाण्याचे बाष्पीभवन होते. १ लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता लागते आणि ती हवेतून घेतली गेल्याने हवा थंड होते. हा उपाय नागपूर, चंद्रपूर, अकोला यांसारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या भागांत परिणामकारक ठरतो. मुंबई, रत्नागिरी किंवा गोवा येथील दमट हवेत बाष्पीभवन मंदावते व खोलीतील दमटपणा वाढून अस्वस्थताच वाढते. पाणीटंचाईच्या गावात पाण्याचा वापर हाही विचार करण्याचा मुद्दा ठरतो.

सुती व खादीचे पडदे: हे धुण्यास सोपे, दुरुस्त करता येणारे आणि शेवटी कुजून मातीत मिसळणारे असतात. एकेरी पातळ सुती पडद्याची ऊन अडवण्याची क्षमता मर्यादित असते. पांढरे अस्तर लावल्यास ती वाढते. जुन्या सुती साड्या व चादरी यांपासून शिवलेले दुहेरी पडदे हा सर्वांत कमी संसाधने लागणारा पर्याय आहे, कारण त्यासाठी नवे कापड तयारच करावे लागत नाही.

झडपा व व्हेनेशियन ब्लाइंड: पट्ट्यांचा कोन बदलून ऊन अडवणे व प्रकाश छताकडे वळवणे, ही दोन्ही कामे त्यांनी साधतात. बाहेरील लाकडी झडपांतून वारा खेळता राहतो. आत लावलेल्या ब्लाइंडवर धूळ लवकर साचते.

मधुकोशी ब्लाइंड: मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे पोकळ्या असलेल्या या ब्लाइंडमध्ये अडकलेली हवा उष्णतारोधकाचे काम करते. खिडकीच्या चौकटीत घट्ट बसवल्यास थंड प्रदेशात ते खिडकीतून होणारा उष्णतेचा ऱ्हास ४० टक्के किंवा त्याहून अधिक कमी करू शकतात, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे म्हणणे आहे. ते बहुधा पॉलिएस्टरचे व महाग असतात. मुंबई-पुण्यासारख्या हवामानात त्यांच्या या गुणाचा पुरेपूर उपयोग फक्त वातानुकूलित खोलीतच होतो.

काचेवरील पापुद्रे: धातूचा अतिसूक्ष्म थर असलेले पापुद्रे काचेवर चिकटवून सौर उष्णता कमी करता येते व बाहेरचे दृश्यही दिसत राहते. मात्र ते हिवाळ्यातही काढता येत नाहीत आणि दिवसाचा प्रकाश कायमचा कमी करतात. जास्त उष्णता शोषणाऱ्या पापुद्र्यामुळे काच असमान तापून तडकण्याची शक्यता असते.

वेलींचे पडदे: कारले, दोडका, घोसाळे किंवा गोकर्ण यांचे वेल जाळीवर चढवून खिडकीसमोर हिरवा पडदा तयार करता येतो. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनामुळे पाने फारशी तापत नाहीत. जपानमध्ये कारल्याच्या वेलींचे असे पडदे घरे, शाळा व कार्यालयांवर मोठ्या प्रमाणावर लावले जातात. वेल वाढण्यास वेळ लागत असल्याने एप्रिल-मेमधील सावलीसाठी हिवाळ्याच्या अखेरीसच लागवड करावी लागते.

साहित्याचा पर्यावरणीय विचार

नैसर्गिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असतेच असे नाही, तसेच कृत्रिम वस्तू प्रत्येक वेळी त्याज्य असते असेही नाही.

कापसाच्या कापडाला पाणी फार लागते. जागतिक सरासरीनुसार १ किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होते. मात्र ही सरासरी सर्वत्र सारखी लागू होत नाही. विदर्भ व मराठवाड्यातील बहुतांश कापूस कोरडवाहू असून तो पावसाच्या पाण्यावर येतो. रंगाई व धुलाईतील सांडपाणी हा सुती कापडाचा दुसरा प्रश्न आहे. न रंगवलेले किंवा फिकट कापड या दृष्टीने अधिक योग्य ठरते, आणि उष्णतेच्या दृष्टीनेही तेच हितकारक असते.

बांबू हे झपाट्याने वाढणारे गवत आहे. एकदा तोडल्यावर त्याच कंदातून नवे कोंब फुटतात. महाराष्ट्रात गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत तो मोठ्या प्रमाणावर होतो. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळला गेला व त्याची तोड आणि वाहतूक सुलभ झाली. मात्र बांबूच्या काड्यांचा चिक आणि 'बांबूचे कापड' या भिन्न गोष्टी आहेत. बाजारात मिळणारे मऊ बांबू-कापड बहुधा व्हिस्कोस पद्धतीने, कार्बन डायसल्फाइडसारखी विषारी रसायने वापरून तयार केलेले असते. अशा रेयॉनला 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्ये काही विक्रेत्यांवर कारवाई केली होती.

ताग हा पूर्व भारतात पिकणारा, तुलनेने कमी खते व कीटकनाशके लागणारा तंतू आहे. तो टिकाऊ असला तरी सतत ओलाव्यात कुजतो आणि उन्हाने पिवळा पडतो.

पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्यातून सूक्ष्म तंतू पाण्यात मिसळतात. परंतु ते लवकर वाळते, आटत नाही आणि दीर्घकाळ टिकते. १५ वर्षे वापरलेला पॉलिएस्टरचा पडदा दर ३ वर्षांनी फेकल्या जाणाऱ्या सुती पडद्यापेक्षा कमी हानिकारक ठरू शकतो.

पीव्हीसी अर्थात व्हिनाइल हे स्वस्त ब्लाइंडमध्ये सर्रास वापरले जाते. त्याची पुनर्प्रक्रिया कठीण असते व जाळल्यास विषारी वायू निघतात. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने आयात केलेल्या काही व्हिनाइल ब्लाइंडविषयी इशारा दिला होता. प्लास्टिकला स्थैर्य देण्यासाठी मिसळलेले शिसे ऊन व उष्णतेमुळे धुळीच्या रूपात पृष्ठभागावर येत असे आणि ही धूळ लहान मुलांच्या हातांमार्गे पोटात जाण्याचा धोका होता. त्यानंतर शिसेविरहित उत्पादने बाजारात आली; तथापि जुने किंवा कोणतीही माहिती न छापलेले व्हिनाइल ब्लाइंड लहान मुलांच्या खोलीत टाळणे इष्ट मानले जाते.

कापडावरील प्रक्रियाही महत्त्वाच्या असतात. सुरकुत्या न पडण्यासाठी केलेल्या काही प्रक्रियांतून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडू शकते. नवा पडदा लावण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवण्याची सवय या दृष्टीने उपयुक्त आहे. जीओटीएस हे प्रमाणपत्र सेंद्रिय तंतू व त्यांच्या प्रक्रियेसाठी, तर ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे तयार कापडातील हानिकारक द्रव्यांच्या तपासणीसाठी दिले जाते. या दोहोंचा अर्थ वेगळा आहे. दुसऱ्या प्रमाणपत्रावरून कापूस सेंद्रिय असल्याचे सिद्ध होत नाही.

हवामानानुसार निवड

कोरडा उष्ण प्रदेश: विदर्भ, मराठवाडा व सोलापूर परिसरात दिवसा बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा बरीच गरम असते. येथे सकाळी ९-१० वाजल्यापासून खिडक्या, झडपा व पडदे बंद ठेवून सूर्यास्तानंतर सर्व उघडणे लाभदायक ठरते. ओल्या वाळ्याच्या ताट्या वापरताना मात्र हवा आत येण्यासाठी ती खिडकी आणि हवा बाहेर जाण्यासाठी समोरची एखादी खिडकी उघडी ठेवावी लागते.

दमट किनारी प्रदेश: कोकण, मुंबई व गोवा येथे अंगावरील घाम वाळण्यासाठी वारा आवश्यक असतो. खिडकी पूर्ण झाकणारा जाड पडदा ऊन अडवतो, पण वाराही अडवतो. त्यामुळे पंखा व वातानुकूलन यंत्र अधिक काळ चालवावे लागते. चिक, झडपा, जाळीदार विणीचे कापड व रुंद छज्जे हे येथे अधिक योग्य पर्याय आहेत. पडद्याला बुरशी लागू नये म्हणून धुण्यास सोपे, लवकर वाळणारे कापड निवडले जाते.

थंड प्रदेश: हिमालयीन भागात किंवा समशीतोष्ण देशांत दिवसा ऊन आत घेऊन रात्री ती उष्णता राखावी लागते. तेथे जमिनीपर्यंत पोहोचणारे, भिंतीला चिकटून असणारे व वर पेल्मेट असलेले जाड दुहेरी पडदे उपयोगी पडतात. पेल्मेट नसल्यास पडदा आणि काच यांच्यामधील थंड झालेली हवा खाली उतरते, वरून गरम हवा ओढली जाते आणि पडद्याचा लाभ घटतो.

खर्च व बचत

आधीच्या उदाहरणातील पश्चिमेकडील खिडकीवर दुपारी ४ तास सरासरी ४५० वॉट प्रति चौ.मी. ऊन पडते असे धरल्यास दररोज सुमारे २.७५ युनिट इतकी उष्णता आत येते. बाहेरील आच्छादनाने तिच्यापैकी ७५ टक्के अडवली आणि खोलीतील वातानुकूलन यंत्र १ युनिट विजेत ३.५ युनिट उष्णता बाहेर टाकत असले, तर दररोज सुमारे ०.६ युनिट आणि उन्हाळ्याच्या ९० दिवसांत सुमारे ५० युनिट वीज वाचते. भारतातील वीजनिर्मितीचे सध्याचे स्वरूप पाहता १ युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने एका खिडकीमागे दर उन्हाळ्यात सुमारे ३५ किलो उत्सर्जन टळते.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. स्वस्त चिक किंवा घरी शिवलेला अस्तराचा पडदा थोड्याच काळात आपली किंमत भरून काढतो. हजारो रुपयांचे यांत्रिक ब्लाइंड मात्र केवळ विजेच्या बचतीतून लवकर वसूल होत नाही. ज्या घरात वातानुकूलन यंत्रच नाही, तेथे लाभ वीजबिलात दिसत नाही. तो दुपारी घरात राहणारी वृद्ध माणसे, लहान मुले व आजारी व्यक्ती यांना होणारा उष्णतेचा त्रास कमी होण्याच्या रूपाने मिळतो.

सुरक्षितता

ब्लाइंड वर-खाली करण्याच्या लोंबत्या दोऱ्या लहान मुलांच्या गळ्यात अडकून मृत्यू झाल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. त्यामुळे अमेरिकेतील उद्योग-मानकानुसार डिसेंबर २०१८ पासून दुकानांत तयार मिळणारी ब्लाइंड लोंबत्या दोरीविना किंवा हाती न लागणाऱ्या दोरीची असणे आवश्यक झाले. लहान मुले असलेल्या घरात बिनदोरीचे आच्छादन निवडणे, दोरी उंचावरील खुंटीला गुंडाळून ठेवणे आणि पाळणा किंवा पलंग खिडकीपासून दूर ठेवणे हे उपाय सांगितले जातात.

स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ लांब सैल पडदे आगीचा धोका निर्माण करतात. उंच इमारतीत बाहेर टांगलेले चिक वादळी वाऱ्यात सुटून खाली पडू नये म्हणून खालूनही पक्के बांधावे लागतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये इमारतीच्या बाहेरील बाजूस छज्जा, जाळी किंवा छत्री बसवण्यासाठी सामान्यतः संस्थेची परवानगी आवश्यक असते.

शासकीय संहिता

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली. ही संहिता ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तयार केली आहे. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची कमाल मर्यादा तीत थंड प्रदेश वगळता अन्यत्र प्रति चौ.मी. १५ वॉट अशी ठेवलेली आहे. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ दमट उष्ण विभागात चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के व कोरड्या उष्ण विभागात किमान १० टक्के असावे, असेही तीत म्हटले आहे. दमट हवेत वाऱ्याला किती महत्त्व आहे हे या फरकातून दिसते. उष्णतेच्या हिशेबात कायमस्वरूपी बाहेरील छज्जे धरले जातात. रहिवाशाने नंतर लावलेले आतील पडदे धरले जात नाहीत.

मर्यादा

खिडकीचे आच्छादन घरातील उष्णतेवरचा एकमेव उपाय नाही. पत्र्याच्या छपराच्या घरात किंवा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बहुतेक उष्णता छतातून येते. तेथे छताला पांढरा परावर्तक रंग देणे किंवा छतावर सावली करणे हा अधिक परिणामकारक उपाय असतो. भिंती पातळ व पश्चिममुखी असतील, तर केवळ खिडकी झाकून खोली थंड होत नाही.

दिवसाचा प्रकाश गमावणे ही दुसरी मर्यादा आहे. एका एलईडी दिव्याला सुमारे १० वॉट वीज लागते, तर पश्चिमेच्या उन्हातून येणारी उष्णता शेकडो वॉट असते. म्हणून थेट ऊन अडवून एखादा दिवा लावणे विजेच्या दृष्टीने परवडते. परंतु ऊन येत नसलेल्या खिडकीवर पडदा ओढून दिवे लावल्यास कोणताही लाभ होत नाही.

आच्छादनाचा उपयोग अखेरीस वापरावर अवलंबून असतो. दिवसभर उघडा राहिलेला उत्तम पडदा ऊन अडवत नाही आणि रात्रीही बंद राहिलेला पडदा घर थंड होऊ देत नाही. सकाळी ऊन येण्यापूर्वी बंद करणे व सूर्यास्तानंतर उघडणे ही जुन्या वाड्यांतील रीत कोणत्याही नव्या आच्छादनाइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिला काहीही खर्च येत नाही.